बोटीवरच्या सोलरला कट-ऑफ स्विच: कुठे, कोणता आणि कसा बसवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्यावरची सहलीची बोट असो, नरसोबाच्या वाडीच्या घाटाला बांधलेली नाव असो, की पुरासाठी शेडमध्ये राखून ठेवलेली फायबर बोट असो, छतावर एखादं-दुसरं पॅनेल, खाली चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला मापून देणारा) आणि बॅटरी एवढा सरंजाम बोटीवर सहज मावतो. पॅनेल आणि बॅटरीवर लोक विचार करून पैसे घालतात, स्विच मात्र शेवटी खिशात उरेल त्यात घेतात. बिघाड बहुतेक तिथूनच सुरू होतो. खालची उत्तरं १२ आणि २४ व्होल्टच्या बोटींसाठी आहेत. मोठ्या इलेक्ट्रिक मोटरवर चालणाऱ्या ४८ व्होल्टच्या बोटीला तत्त्वं हीच लागतात, आकडे वेगळे.

पॅनेलला स्विच कशाला? अंधार पडला की ते आपोआप बंद होतंच की.

अंधार पडल्यावर होतं. पण दुरुस्तीचं काम दिवसा चालतं, आणि दिवसा पॅनेलला 'बंद' नावाची अवस्था नसते. ढगाळ हवेत करंट खूप कमी होतो, पण व्होल्टेज जवळपास पूर्ण राहतं. आषाढातल्या भरून आलेल्या दुपारी पॅनेलच्या टोकांना मीटर लावून पाहा, ४६ व्होल्टच्या पॅनेलवर चाळिसाच्या पुढचा आकडा दिसेल. म्हणजे बॅटरीचा मुख्य स्विच पाडला तरी कंट्रोलरपर्यंतची तार जिवंतच असते. बोटीत विजेचे दोन उगम आहेत, एक बॅटरी आणि दुसरं पॅनेल. दोन्ही स्वतंत्रपणे तोडता आले पाहिजेत.

एकूण स्विच किती लागतात?

तीन.

पहिला पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये. हा डबल पोल हवा, म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही तारा एकदम तोडणारा, आणि डीसीचाच हवा. दुसरा कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्ये. तिसरा म्हणजे बॅटरीचा मुख्य स्विच, जो दिवे, पंखा, पंप, साउंड सिस्टीम असा सगळा लोड तोडतो.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्यात. कंट्रोलरची चार्जिंगची तार मुख्य स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडायची, लोडच्या बाजूला नाही. लोडच्या बाजूला जोडली, तर संध्याकाळी मुख्य स्विच पाडून घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशीचं ऊन फुकट जातं. शिवाय कंट्रोलरच्या डोक्यावर पॅनेल चालू आणि पायाखाली बॅटरी नाही, अशी त्याला अजिबात न मानवणारी स्थिती रोज तयार होते. चार्जिंगची तार बॅटरीकडे जोडली की मुख्य स्विच बंद असतानाही बॅटरी भरत राहते. दुसरा स्विच फक्त कंट्रोलर काढायचा असेल किंवा बोट शेडमध्ये उभी राहणार असेल तेव्हाच हात लावण्यासाठी आहे.

बंद करताना आधी कोणता? आणि चालू करताना?

बंद करताना आधी पॅनेल (पहिला स्विच), मग बॅटरी (दुसरा स्विच). चालू करताना आधी बॅटरी, मग पॅनेल.

कंट्रोलर आपलं व्होल्टेज बॅटरीकडे बघून ठरवतो. १२ की २४, हे बरेच कंट्रोलर बॅटरी जोडल्याक्षणी ओळखतात. आधी पॅनेल जोडलं तर तो पॅनेलच्या व्होल्टेजलाच बॅटरी समजू शकतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला २४ चं चार्जिंग लावू शकतो. उलट, भर उन्हात चार्जिंग चालू असताना आधी बॅटरी तोडली, तर वाहत्या करंटला जायला जागा राहत नाही. व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि कंट्रोलरमधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) किंवा लोडच्या टर्मिनलवरचे एलईडी दिवे जातात. कधी लगेच जातात, कधी चार वेळा सोसून पाचव्या वेळी. म्हणून 'मागच्या वेळी काही झालं नव्हतं' याला अर्थ नाही.

हा क्रम बोटीवर ठळक लिहून ठेवा. स्विचवर '१' आणि '२' असे आकडे रंगवा, खाली 'बंद: १, २. चालू: २, १.' कागदी स्टिकर पहिल्या पावसात जातो. ऑइल पेंट किंवा कोरलेली ॲक्रिलिकची पट्टी टिकते.

घरात लावतो तो एमसीबी पॅनेलला चालेल का? ३२ अँपिअरचाच आहे.

इथे 'चालतंय की' चालत नाही.

घरचा पुरवठा एसी आहे. ५० हर्ट्झला करंट सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो. एमसीबी उघडताना कॉन्टॅक्टमध्ये पडलेली ठिणगी त्या शून्याला विझते. डीसीला असा शून्य नाही. कॉन्टॅक्ट दूर जातात आणि ठिणगीची जाळ होऊन ती मध्ये तशीच जळत राहते. डीसीचा ब्रेकर ही जाळ चुंबकाने ओढून पत्र्यांच्या खणात नेतो, तिथे ती लांबवून तुकडे करून विझवतो. त्यासाठीची जागा आणि चुंबक एसी एमसीबीमध्ये त्या हिशेबाने दिलेले नसतात.

फसवी गोष्ट अशी की १२ व्होल्टच्या एका छोट्या पॅनेलवर एसी एमसीबी वर्षभर बिनतक्रार चालतोही. २० व्होल्टला जाळ टिकायला अवघड जाते. तोच एमसीबी ४५ व्होल्टच्या पॅनेलवर, आणि त्यातून दोन सिरीजमध्ये (एकापुढे एक) केल्यावर, पाडला की आतून चिकटतो किंवा वितळतो. दांडी खाली दिसते, पण करंट वाहतच असतो.

ओळखायचं कसं? छापील खूण बघा. नागमोडी रेघ म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. घरगुती एमसीबीवर आयईसी ६०८९८ (आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक) किंवा त्याचा भारतीय अवतार छापलेला असतो. पॅनेलच्या स्विचवर आयईसी ६०९४७-३ आणि शक्यतो 'डीसी-पीव्ही१' किंवा 'डीसी-पीव्ही२' हा वर्ग शोधा. दुकानदार 'दोन्हीला चालतो' म्हणाला तर डीसी व्होल्टेज कुठे छापलंय ते दाखवायला सांगा. छापलेलं नसेल तर चालत नाही.

डीसी एमसीबी आणला, पण त्यावर + आणि − आहे. उलटा जोडला तर?

तो पोलराइज्ड आहे. त्यातला चुंबक जाळेला एकाच दिशेला ढकलतो. करंट उलट दिशेने वाहत असेल, तर जाळ खणात जाण्याऐवजी यंत्रणेकडे ढकलली जाते आणि ब्रेकर जळतो. अनेक स्वस्त डीसी एमसीबी असेच असतात आणि आकृती पाकिटाच्या आत बारीक अक्षरात असते.

पॅनेलच्या बाजूला करंट एकाच दिशेने जातो, त्यामुळे आकृतीप्रमाणे जोडल्यास पोलराइज्ड चालू शकतो. बॅटरीच्या बाजूला मात्र तो घेऊच नका. चार्जिंगचा करंट कंट्रोलरकडून बॅटरीकडे जातो, पण शॉर्ट झाल्यावरचा प्रचंड करंट बॅटरीकडून येतो. दिशा नेमकी उलट, आणि तीही सगळ्यात वाईट क्षणी. तिथे नॉन-पोलराइज्ड ब्रेकर किंवा फ्यूज आणि साधा बॅटरी स्विच ही जोडी बरी.

ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा बॅटरी कट-ऑफ लावला तर?

लाल चावीचा किंवा फिरकीचा कट-ऑफ ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतो, आणि मुख्य स्विच म्हणून, म्हणजे तिसऱ्या जागी, तो चालतो. मात्र दोन गोष्टी बघा. सतत किती अँपिअर वाहू शकतो, हा आकडा हवा. स्टार्टरसाठी काही सेकंदांचा आकडा मोठा छापतात, तो उपयोगाचा नाही. दुसरं, बोल्ट पितळी किंवा तांब्याचे आहेत की नुसता मुलामा दिलेलं लोखंड, हे लोहचुंबक लावून बघा.

पॅनेलच्या जागी हा कट-ऑफ लावू नका. तो २४ व्होल्टच्या गाडीसाठी बनवलेला आहे आणि एकाच तारेचा आहे.

किती अँपिअरचा घ्यायचा, हिशेब कसा करायचा?

पॅनेलच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात: ओपन सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट. ३३५ वॅटच्या ७२ सेलच्या पॅनेलवर ते साधारण ४६ व्होल्ट आणि ९.३ अँपिअर असतात. तुमच्या पट्टीवरचा आकडाच खरा धरा.

करंटला १.५६ ने गुणा. ऊन ठरावीक चाचणीपेक्षा तेज असू शकतं म्हणून १.२५, आणि स्विच तासन्‌तास पूर्ण भाराने तापत राहू नये म्हणून आणखी १.२५. ९.३ गुणिले १.५६ म्हणजे १४.५. त्यामुळे किमान १६ अँपिअर. पत्र्याखाली बंद डब्यात एप्रिल-मेमध्ये तापमान किती चढतं हे लक्षात घेता २५ किंवा ३२ अँपिअरचा घेणं शहाणपणाचं. आयसोलेटरच्या, म्हणजे पॅनेलच्या या स्विचच्या, बाबतीत मोठा घेतल्याने काही बिघडत नाही, कारण तो तोडायला आहे, ट्रिप व्हायला नाही.

व्होल्टेज थंडीत वाढतं, पंचविसाखाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के. कोल्हापूरच्या डिसेंबरातल्या पहाटे पारा १२-१३ ला आला की चारेक टक्के वाढ. सरसकट १० टक्के जास्त धरा. ४६ चे ५१ होतात, म्हणजे डीसी ६० व्होल्टच्या वरचा कुठलाही डबल पोल आयसोलेटर पुरतो. बाजारातले सोलर आयसोलेटर ५०० ते १००० व्होल्टचे असतात, ते आरामात चालतात.

कंट्रोलर ते बॅटरी हा हिशेब वेगळा. तिथे व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त. ३३५ वॅट भागिले १२.८ म्हणजे २६ अँपिअर. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचं जास्त व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारा) ३० अँपिअरचा असेल तर ३० गुणिले १.२५ म्हणजे ३७.५, म्हणून फ्यूज ४० चा आणि स्विच किमान ६३ चा. पॅनेलच्या बाजूला नऊ अँपिअर वाहतात म्हणून बॅटरीच्या बाजूलाही तीच बारीक तार ओढणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

दोन पॅनेल सिरीजमध्ये करू की पॅरललमध्ये?

बोटीवर पॅरलल (समांतर). तार थोडी जाड लागेल, पण व्होल्टेज ६० च्या खाली राहतं. ओल्या अंगाने, ओल्या फळीवर उभं राहून काम करणाऱ्याला तो फरक महत्त्वाचा. शिवाय सहलीच्या बोटीवर छत्री, बावटा, माणसं यांची सावली सतत फिरते. सिरीजमध्ये एकावर पडलेली सावली दुसऱ्यालाही ओढते.

आणखी एक हिशेब. ४६ व्होल्टची दोन सिरीजमध्ये म्हणजे ९२, आणि थंडीत ९६. कंट्रोलरची मर्यादा १०० व्होल्ट असेल तर ते कागदावर बसतं, पण कडेलोटावर. पॅनेलच्या आकड्यांत थोडाबहुत फरक असतोच. एखाद्या गार सकाळी कंट्रोलर जाईल आणि कारण कुणाला कळणार नाही.

पॅरललमध्ये तीन किंवा जास्त पॅनेल असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज हवा, बहुधा १५ अँपिअरचा. पट्टीवर 'कमाल सिरीज फ्यूज' म्हणून आकडा दिलेला असतो. एका पॅनेलमध्ये दोष आला तर बाकीची दोन १८-१९ अँपिअर त्यातच ओततात. दोन पॅनेलना याची गरज पडत नाही.

स्विच आहे, मग फ्यूज कशाला? किंवा फ्यूज आहे, मग स्विच कशाला?

स्विच माणसाने फिरवला तरच तोडतो. शॉर्ट झाला तेव्हा माणूस वल्ह्याशी असतो. फ्यूज आपणहून तोडतो, पण दुरुस्तीसाठी रोज काढ-घाल करण्याची ती वस्तू नाही. दोन्ही लागतात.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत बसवा. बोटींच्या अमेरिकी नियमावलीतली सात इंचांची मर्यादा तीच. फ्यूज तारेला वाचवतो, आणि बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडाच राहतो, म्हणून तो जितका छोटा तितका बरा. कंट्रोलरजवळ फ्यूज लावून मधली दोन मीटर तार तशीच सोडलेली दिसते. ती तार चेपली तर तो फ्यूज काहीच करू शकत नाही, कारण शॉर्टचा करंट त्याच्यातून जातच नाही.

फ्यूजवर डीसी व्होल्टेज आणि तोडण्याची क्षमता दोन्ही बघा. लेड-ॲसिडला चांगला एएनएल फ्यूज पुरतो. लिथियम बॅटरी शॉर्टला काही हजार अँपिअर ओतते, तिथे क्लास-टी किंवा डीसी रेटिंग छापलेला एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज घ्या. गाडीतले प्लास्टिकचे पात्याचे फ्यूज दिव्यांच्या लाइनला ठीक, बॅटरीच्या तोंडाशी नाही.

एका पॅनेलच्या बोटीला सामान काय लागेल?

३३५ वॅटचं एक पॅनेल, ३० अँपिअरचा एमपीपीटी, १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी, पॅनेल ते कंट्रोलर ६ मीटर, कंट्रोलर ते बॅटरी दीड मीटर, असं धरू.

डबल पोल डीसी आयसोलेटर ३२ अँपिअरचा, १ नग. कंट्रोलर-बॅटरीसाठी ६३ अँपिअरचा नॉन-पोलराइज्ड डीसी स्विच, १. फ्यूज होल्डर १, ४० अँपिअरचे फ्यूज ३ (एक बसवायला, दोन डब्यात ठेवायला). बॅटरीचा मुख्य स्विच १, लोडप्रमाणे १०० अँपिअर किंवा जास्त. सोलर केबल ४ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी प्रत्येकी ७ मीटर. बॅटरीकडे १० चौरस मिलिमीटरची बारीक पदरांची मऊ तार, प्रत्येकी २ मीटर, मिळाली तर टिनचा मुलामा दिलेली. त्या मापाच्या ८ मिलिमीटर भोकाच्या थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या) ८. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह १ मीटर. स्विचसाठी आयपी६५ (धूळ-पाणी रोखणारा) किंवा त्यावरचा डबा १, केबल ग्लँड ४. एमसी४ ची (पॅनेलच्या तारांच्या प्लगची) एक जोडी, पॅनेलच्याच बनावटीची. दोन वेगळ्या बनावटीचे एमसी४ एकमेकांत बसतात पण नीट टेकत नाहीत, आणि तापून वितळतात.

तारेचा ताळा: ४ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००५ ओहम. जाऊन-येऊन १२ मीटर म्हणजे ०.०६. नऊ अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो, ३८ मध्ये दीड टक्क्याच्या आत. बॅटरीकडे १० ची तार ३ मीटर, २६ अँपिअरला ०.१५ व्होल्ट. दोन्ही तीन टक्क्यांच्या खाली आहेत.

बसवण्याचा क्रम सांगा.

१. पॅनेलवर जाड घोंगडं किंवा काळी ताडपत्री टाकून बांधा. पातळ कापडातून ऊन झिरपतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बोटावर अंगठी, हातात कडं असेल तर उतरवा.

२. डब्याची जागा ठरवा आणि भोकं खालच्या बाजूने पाडा. वरून पाडलेलं भोक ग्लँड लावूनही कधीतरी गळतं. तार डब्यात शिरण्याआधी खाली लोंबती वळसा घेऊ द्या, म्हणजे ओघळ वळशावरून गळून जातो.

३. पॅनेलच्या दोन्ही तारा आयसोलेटरच्या दोन पोलमध्ये घ्या. पोल सिरीजमध्ये जोडायचे की स्वतंत्र, हे आयसोलेटरच्या अंगावरच्या आकृतीत बघा. चार पोलच्या फिरकी स्विचमध्ये इथेच घोळ होतो. एका तारेने दोन पोल व्यापले तर आकृतीतल्या व्होल्टेज-अँपिअरच्या रकान्याप्रमाणे जोडा.

४. थिंबल क्रिम्पिंग टूलने दाबा. हातोडीने ठोकलेली थिंबल बाहेरून घट्ट आणि आतून पोकळ असते. नुसतं सोल्डरही नको, तार सोल्डर संपतो तिथे कडक होते आणि हादऱ्याने तुटते. ओढून बघा, मग स्लीव्ह तापवा.

५. दर ४५ सेंटिमीटरला तार क्लिपने बांधा. ट्रेलरवरून घाटरस्त्याने नेलेल्या बोटीला पाण्यापेक्षा रस्त्याचे हादरे जास्त बसतात.

६. सगळे स्विच बंद ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह परत जोडा, फ्यूज बसवा, मग बॅटरीकडच्या स्विचच्या बॅटरीच्या बाजूच्या टोकाला आणि निगेटिव्ह तारेला मीटर लावून पोलॅरिटी तपासा. पॅनेलवरचं आच्छादन थोडं सरकवून आयसोलेटरच्या वरच्या टोकांचीही. उलट पोलॅरिटीला सगळेच कंट्रोलर माफ करत नाहीत.

७. बॅटरीकडचा स्विच चालू करा. कंट्रोलरवर १२ ची खूण दिसेपर्यंत थांबा. बॅटरीचा प्रकार सेट करा.

८. आच्छादन काढा, आयसोलेटर चालू करा. चार्जिंग दिसलं की अर्धा तास चालू द्या आणि प्रत्येक जोडाला बोटाची मागची बाजू लावून बघा. एखादाच जोड बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तोच सैल आहे.

स्विच बोटीत कुठे बसवावेत?

बॅटरीच्या खणातून हात न घालता पोहोचता येईल अशा जागी. धूर निघतोय तो बॅटरीच्या पेटीतून आणि स्विचही पेटीतच, अशी रचना नको.

पाण्याच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. तो हलका असल्याने वर जातो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. म्हणून स्विच बॅटरीच्या बरोबर वर नको, आणि पेटीच्या झाकणाला वरून झरोका हवाच. पेट्रोल इंजिनची वाफ उलट जड असते, ती तळाशी साचते. इंजिनच्या किंवा टाकीच्या खणात स्विच ठेवावाच लागला तर तो ठिणगी बाहेर न जाऊ देणारा, आयएसओ ८८४६ प्रमाणे तपासलेला असावा. सोपा उपाय म्हणजे त्या खणाबाहेर ठेवणे.

डब्याला उन्हापासून आडोसा द्या. वर्षातून एकदा झाकण उघडा, पाली आणि गांधीलमाश्यांना या डब्यांचं भारी प्रेम असतं.

नुसता पॉझिटिव्ह तोडला तर चालत नाही का?

बॅटरीच्या बाजूला चालतो. पॅनेलच्या बाजूला दोन्ही तोडा. काही कंट्रोलरमध्ये निगेटिव्ह सामाईक असतो, काहींत पॉझिटिव्ह, आणि कंट्रोलर बदलला की तुमचा एकेरी स्विच चुकीच्या तारेत बसलेला निघू शकतो. ॲल्युमिनियमच्या बोटीत हे आणखी महत्त्वाचं. पॅनेलची तार फ्रेमला घासून बोटीच्या अंगाला टेकली तर गळता करंट पाण्यात जाऊन पत्रा खातो. तिथे पॅनेलचा कुठलाही टोक बोटीच्या अंगाला जोडू नका.

रंगाबाबत सूचना: घरच्या वायरिंगला सरावलेला माणूस काळ्या तारेला न्यूट्रल समजून बिनधास्त धरतो. पॅनेलच्या बाजूला काळी तारही हात लावण्याजोगी नसते.

मुख्य स्विच पाडला की बिल्ज पंपही बंद होतो. तसाच ठेवू?

नाही. तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह जोडा. फ्यूज पंपाच्या अंगावर दिलेल्या अँपिअरचाच. रात्रभर पाऊस पडला आणि बोट घाटाला असली तर फ्लोट स्विचने पंप सुरू व्हायला हवा. काम करताना मात्र लक्षात ठेवा, तिन्ही स्विच पाडले तरी ही एक लाइन जिवंत आहे.

लिथियम बॅटरी लावली आहे. वेगळं काही?

हो. तिच्यातली बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी आतली यंत्रणा) हा एक चौथा, अदृश्य स्विच आहे. सेल जास्त भरला की ती बॅटरी अचानक तोडते, तेही पॅनेल पूर्ण जोरात असताना. म्हणजे क्रमाच्या प्रश्नात ज्याची मनाई केली तेच बीएमएस करते. तशी वेळच येऊ नये म्हणून चार सेलच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीला चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंतच ठेवा आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद करा. बीएमएसला सिग्नलची तार असेल आणि कंट्रोलरला बंद करण्याचं इनपुट असेल तर दोन्ही जोडा, मग बॅटरी तुटण्याआधी चार्जिंग थांबतं.

इंजिन चालू असताना मुख्य स्विच पाडला तर?

इंजिनला अल्टरनेटर असेल आणि त्याची तार याच स्विचमधून जात असेल, तर त्याचे डायोड जाण्याची दाट शक्यता. आधी इंजिन बंद.

बोट आठ-दहा महिने शेडमध्ये असते. स्विच चालू ठेवू की बंद?

पॅनेल उन्हात असेल तर पॅनेल आणि कंट्रोलरचे स्विच चालू, मुख्य स्विच बंद. शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली असेल तर आधी पॅनेल, मग कंट्रोलर, दोन्ही बंद. कंट्रोलर स्वतःला जिवंत ठेवायला थोडा करंट खातो. १० मिलीअँपिअर धरले तरी महिन्याला ७ अँपिअर-अवर, आणि आठ महिन्यांत १०० ची बॅटरी अर्ध्याखाली. लेड-ॲसिडला महिन्यातून एकदा चार्जर लावा.

मेअखेरीस एकदा सगळं तपासून घ्या. ऊन नसताना किंवा पॅनेल झाकून प्रत्येक स्विच दहा वेळा फिरवा, कॉन्टॅक्टवर बसलेला थर घासून निघतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चालली असताना डबा उघडून बसण्यात अर्थ नाही.

पुराचं पाणी डब्यात शिरलं. वाळवून वापरू?

स्विच, ब्रेकर आणि फ्यूज वाळवून वापरू नका, बदला. पुराच्या पाण्यात गाळ असतो. तो कॉन्टॅक्टमध्ये आणि जाळ विझवणाऱ्या खणात बसतो, स्प्रिंग गंजतात. स्विच बाहेरून धुतलेला दिसतो आणि नेमका तोडायच्या वेळी अडकतो.

क्रम असा: बोट पाण्याबाहेर काढा, पॅनेल झाका, डीसी क्लॅम्प मीटरने पॅनेलच्या तारेत करंट शून्य आहे हे बघा आणि मगच एमसी४ सोडा. करंट वाहत असताना एमसी४ ओढला तर तोंडाशी जाळ होते. मग बॅटरी काढा. तारेची टोकं वीस सेंटिमीटर कापून तांबं बघा. काळं पडलं असेल तर आणखी कापा, पाणी पदरांमधून आत चढतं. पॅनेल धुऊन वाळल्यावर त्याच्या तारा आणि फ्रेम यांच्यात मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा. १२० व्होल्टपर्यंतच्या जोडणीला २५० व्होल्टचा मेगर, आणि किमान ०.५ मेगाओहम. त्याखाली आलं तर ते पॅनेल बोटीवर परत चढवू नका.

स्विच गरम होतो. बदलायचा का?

आधी मोजा. चार्जिंग चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून स्विचच्या एकाच पोलच्या दोन टोकांना लावा. चांगल्या स्विचवर २० अँपिअरला दोन आकडी मिलीव्होल्ट दिसतात. १०० मिलीव्होल्ट म्हणजे दोन वॅट उष्णता एका पोलच्या आत. पॅनेल आणि बॅटरी दोन्ही तोडून स्क्रू छापलेल्या टॉर्कला आवळा, पुन्हा मोजा. तरी आकडा तोच राहिला तर कॉन्टॅक्ट गेले आहेत.

हीच बोट मालवणला समुद्रात न्यायची आहे.

गोड्या पाण्यात चालणारं बरंच काही खाऱ्यात टिकत नाही. उघडी तांब्याची तार बदलून टिनची घ्या, ३०४ स्टीलचे स्क्रू काढून ३१६ चे, डबा आयपी६७. प्रत्येक फेरीनंतर डबा आणि ग्लँड गोड्या पाण्याने पुसा, झाकण बंद ठेवूनच.

वळवाच्या विजा कडकडायला लागल्या की आयसोलेटर पाडावा का?

जवळ पडलेल्या विजेमुळे तारेत येणारा झटका काहीसा कमी होतो, त्यामुळे पाडायला हरकत नाही. थेट पडलेल्या विजेला स्विचमधली काही मिलिमीटरची फट अडवत नाही. स्विच पाडायचा असेल तर गडगडाट लांब असतानाच पाडा, मग बोट काठाला लावून सगळ्यांना उतरवा. वादळ डोक्यावर आलं असेल तर स्विचकडे जाऊ नका, आधी काठ गाठा.